शेडच्या दारातला खिळा

प्रभू सुट्टीवर येतोय म्हटल्यावर दाक्षायणीनं मनाशी एकच गोष्ट पक्की केली. आता तो परत जाणार नाही. हे तिनं कुणाला विचारलं नाही, नवऱ्याला तर नाहीच नाही. तो ओमानला गेला तेव्हा त्यांची मुलगी धनलक्ष्मी, घरातली धनू, रांगत होती, आता ती शाळेतल्या बाईंची नक्कल करून दाखवते. एवढ्या काळात नवरा म्हणजे मोबाइलवर दिसणारं एक तोंड आणि त्यामागची पांढरी भिंत. 'जेवलीस का?' 'जेवले.' 'अव्वा बरी हाय का?' 'बऱ्या हायत.' झालं. याला कुणी संसार म्हणत असेल तर म्हणो बापडे, दाक्षायणी म्हणत नव्हती.

प्रभू आधी चिंचोळी एमआयडीसीत कामाला होता. कारखाना बंद पडला आणि कुणाच्या तरी ओळखीचा एजंट घरी येऊन चहा पिऊन गेला. परदेशात पॅकिंगचं काम आहे, नुसतं एसीत उभं राहायचं, असं त्यानं सांगितलं. एजंटाला काय, बोलायला त्याचं काय जात होतं. तिकडं जाऊन बघतो तर वाळवंटात कोंबड्यांचं फार्म. आता आमच्या अक्कलकोटकडच्या लिंगायताच्या घरात अंडं आणायचं तर सोडाच, अंड्याचं नाव काढलं तरी प्रभूच्या अव्वा, म्हणजे आई सावित्रम्मा, पदर नाकाला लावायच्या. मुलगा कोंबड्यांत काम करतो हे त्यांनी एकदा ऐकून घेतलं आणि तो विषय घरात पुन्हा काढू दिला नाही. लांबची गोष्ट होती, डोळ्यांना दिसत नव्हती, म्हणून गिळता आली.

दाक्षायणीनं नेमकी तीच गोष्ट घराजवळ आणायची ठरवली. तिचा भाऊ सिद्धलिंग म्हणाला, "अक्का, कंपनी पिल्लं देती, खाद्य देती, औषध देती. आपण शेड बांधायचं नि पिल्लं वाढवून गाडीत घालायची. दाजींना काम येतंच की." दाक्षायणीला पटलं. तिनं आधी सासूला गाठलं. सावित्रम्मा शेंगा फोडत बसल्या होत्या.

"आत्ती, नुसती वाढवायची. आपल्या दारात सुरी न्हाय, रक्त न्हाय."

"मग गाडी कुटं जाती?"

"तिकडं जाती."

"तिकडं म्हंजे?"

दाक्षायणी टरफलं गोळा करायला लागली. सावित्रम्मांनी चार शेंगा फोडल्या, दाणे ताटात टाकले आणि विचारलं, "प्रभू ऱ्हाईल का मग?"

"ऱ्हातील."

"मग बांध. पर रानाच्या पल्याडच्या टोकाला बांध. नि तितनं आला की आंघोळ केल्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाय."

एवढ्यावर तो प्रश्न मिटला. गावात लोकांनी नाकं मुरडली. देवळाच्या कट्ट्यावर एक-दोघांनी सावित्रम्मांना ऐकू जाईल असं बोलूनही घेतलं. त्या ऐकून तशाच घरी आल्या. ज्या बाईनं जन्मात मुंगीवर पाय पडू दिला नाही, तिनं मुलासाठी रानात कोंबड्या येऊ दिल्या. दाक्षायणीला याची जाणीव होती, आणि थोडी लाजही वाटत होती. पण तिनं मंगळवेढ्याचा मिस्त्री आणून शेड उभं केलंच.

प्रभू हैदराबादवरून रेल्वेनं सोलापूरला आला. हडकला नव्हता, उलट अंगानं भरला होता. धनू आईच्या मागे लपली. तो तिच्यासमोर उकिडवा बसला, आधी तिच्या पायांकडे बघितलं, मग डोळ्यांकडे.

"खाती का नीट?" त्यानं विचारलं.

"खाती."

"पाणी पिती?"

"आवं, पोरगी हाय ती," दाक्षायणी हसून म्हणाली. तो हसला नाही. प्रवासाचा शीण असेल, असं तिनं मनाला समजावलं.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून तो आईशेजारी पूजेला बसला. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून, म्हणजे करडगीतून, इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं. घरातली तिन्ही मोठी माणसं एका ओळीत बसलेली बघून दाक्षायणीला भरून आलं. सावित्रम्मा मात्र त्याच्या करडगीकडे बघत होत्या.

"काळी पडली की रे."

"तिकडची हवा," प्रभू म्हणाला.

अंगावरची चांदी सहसा अशी काळवंडत नाही, हे सावित्रम्मांना ठाऊक असणार. पण मुलगा कालच आलेला. त्यांनी चिमूटभर राख घेतली, करडगी घासूनपुसून लख्ख केली आणि परत त्याच्या हातात दिली.

पुढचे दिवस प्रभू घरात होता, एवढंच म्हणता येईल. बस म्हटलं की बसायचा, जेव म्हटलं की जेवायचा. ओमानच्या गमती ऐकायला आलेली माणसं 'बरं हाय' एवढं ऐकून चहा पिऊन परत गेली. त्याला विहिरीत पोहायला शिकवणारे चनमल्लप्पा काका तो तिकडं असताना वारले होते. त्यांची बायको भेटायला आली, त्याला धरून हंबरडा फोडून रडली. तो हात खाली सोडून उभा राहिला. तिचं रडणं आटोपल्यावर त्यानं विचारलं, "कवा गेले?" म्हातारी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली. दाक्षायणीनं तिला पाणी द्यायच्या निमित्तानं आत नेलं.

त्याच दिवशी संध्याकाळी तिनं त्याला शेड दाखवलं. हे त्याच्यापासून तिनं लपवून ठेवलं होतं. तो चिडेल, नाहीतर खूश होईल, दोन्हीची तिनं तयारी केली होती. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला, जाळी हातानं हलवून बघितली आणि म्हणाला, "पडदे उलटे लावल्यात." दुसऱ्या दिवशी जाऊन त्यानं पडदे नीट लावले. दाक्षायणीनं तोच होकार समजला. तिला तेवढा पुरत होता.

पिल्लं आली. खोक्यांतून चिवचिवाट करत आलेली पिवळी पिल्लं भाताच्या तुसावर सोडताना धनू नाचत होती. प्रभू दिव्यांची उंची बघत होता, पाण्याची भांडी हलवत होता. त्याचे हात असे काही चालत होते की कंपनीचा सुपरवायझर युवराज म्हणाला, "वहिनी, असला माणूस आमाला दहा शेडांवर मिळंना." दाक्षायणीनं पदर नीट केला आणि मनातल्या मनात परतीचं तिकीट फाडून टाकलं.

शेडच्या दाराशी हौद होता. रोज आत जायच्या आधी प्रभू तिथं अंगावरचं सगळं काढायचा, आंघोळ करायचा आणि आतले वेगळे कपडे घालायचा. दारात मिस्त्रीनं चुकून ठोकलेला एक खिळा होता. पहिल्याच दिवशी प्रभूनं गळ्यातला दोरा डोक्यावरून काढला आणि करडगी त्या खिळ्याला अडकवली. शर्ट काढून ठेवावा तितक्या सहज.

दाक्षायणी मागंच उभी होती. तिला आधी वाटलं, आपण चुकीचं बघितलं. "आवं!" ती ओरडली. "लिंग काढलं की तुमी!"

प्रभूनं खिळ्याकडे बघितलं. "तितला नियम हाय. भाईरचं काय बी आत न्यायचं न्हाय. रोग जातो आत. अंगठी, दोरा, ताईत, सगळं लॉकरमदी. आंघोळ करून उघडंच आत जायाचं, पल्याड त्यांचे कपडे."

"हितं कुटं हाय तसला नियम?"

तो खरंच शोधत होता उत्तर. "न्हाय," तो म्हणाला. "सवय." आणि आत गेला.

दाक्षायणीनं तेव्हाच बोलायला हवं होतं. पण ती काम बघत होती. काम सुरळीत चाललं होतं, नवरा घरात होता, आणि परत जायची भाषा अजून त्याच्या तोंडी आली नव्हती. एवढ्या एका गोष्टीवरून कशाला मोडता घालायचा, असा तिनं विचार केला. बसेल हळूहळू घडी, मग सांगू. जो आज त्रास देत नाही त्या प्रश्नाला उद्यावर ढकलणं आपल्या सगळ्यांनाच येतं, तिला जरा जास्तच येत होतं.

एकदा ती दुपारी शेडमध्ये गेली. पिल्लं आता पांढरी पिसं फुटून वाढली होती. प्रभू बादली घेऊन खाद्याच्या भांड्यांच्या ओळीनं चालला होता. मेलेलं दिसलं की बादलीत. लुळं, मागं पडलेलं, पाय फाकून बसलेलं दिसलं की उचलायचं. ज्वारीतले खडे निवडावेत तसं त्याचं चाललं होतं. तिला बघून तो म्हणाला, "तिकडचा पडदा जरा खाली घे, वारं फिरलंय," आणि हे बोलता बोलताच हातातल्या पिल्लाची मान त्यानं अंगठ्यानं मोडली. वाक्य मध्ये अडलं नाही. आवाज बदलला नाही. पिल्लू बादलीत पडलं आणि तो पुढं गेला.

दाक्षायणीनं पडदा खाली घेतला. युवराजनं सांगितलेलं तिला माहीत होतं, कमजोर पिल्लं ठेवली तर रोग सगळ्या शेडला लागतो, ती काढावीच लागतात. मरतूक आटोक्यात राहिली तरच कंपनी पुढची पिल्लं देते. सगळं खरं होतं. तरी त्या दिवशी जेवताना त्याला भाकरी वाढली आणि त्यानं ताट पुढं ओढायला हात लांब केला, तेव्हा तिनं आपला हात पटकन मागं घेतला. तिला त्या हाताची भीती वाटली. स्वतःच्या नवऱ्याच्या हाताची. हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

आणि मग सावित्रम्मा रानात गेल्या.

त्या शेडकडे कधी फिरकत नसत. पण ऊन फार होतं, मुलगा दुपारी जेवायलाही आला नव्हता, म्हणून ताकाची किटली घेऊन त्या निघाल्या. दाक्षायणीला कळलं तेव्हा ती धावत मागं गेली, पण तोवर सासूबाई शेडच्या दारात पोचल्या होत्या. आत डोकावल्या नव्हत्या. त्यांचं लक्ष खिळ्याकडे होतं. त्यांनीच राख लावून घासलेली करडगी तिथं लोंबत होती.

सावित्रम्मांच्या आईचं लिंग एकदा बोरी नदीच्या पात्रात पडलं होतं, तर ते सापडेपर्यंत ती बाई काठावरून उठली नाही, पाण्याचा घोट घेतला नाही. ही गोष्ट या घरात प्रत्येकानं लहानपणी ऐकलेली. लिंग अंगावेगळं झालं की माणूस जिवंत नाही, असं मानणारी माणसं ही. सावित्रम्मांनी किटली खाली ठेवली.

"प्रभू," त्यांनी हाक मारली. प्रभू बादली घेऊन बाहेर आला. "हे कवापास्नं?"

"काय?"

त्यांनी बोट दाखवलं.

"तिकडं गेल्यापास्नं," तो म्हणाला. "रोजच."

"रोज?"

"व्हय. आत जाताना काढायचं, भाईर आलं की घालायचं. मग भाईर आल्यावर घालायचं ऱ्हाऊन जायाला लागलं. लॉकरमदीच ऱ्हायाचं."

"मग?" सावित्रम्मांनी विचारलं. "काय झालं न्हाय तुला?"

प्रभूनं बादली या हातातून त्या हातात घेतली. "पैल्या दिवशी वाटलं, मरतो आता. आतल्या नळाखाली रडत हुबा ऱ्हायलो. माझ्याबरोबरचा बांगलादेशी पोरगा बी ताईत काढून रडलावता. मग आत गेलो. त्या दिवशी लई पिल्लं काढायला लावली. मेलो न्हाय अव्वा. काय बी झालं न्हाय. मग वाटायचंच बंद झालं."

तो हे तक्रारीनं सांगत नव्हता. आईनं विचारलं म्हणून सांगत होता. सावित्रम्मा तिथंच जमिनीवर बसल्या. दाक्षायणीला वाटलं, आता ही बाई शेड मोडायला लावणार, आणि शेड मोडलं की हा परत जाणार. सासूपेक्षा, देवापेक्षा, त्या क्षणी तिला पत्र्याच्या त्या शेडचीच काळजी लागली. नंतर आठवून तिला स्वतःचाच राग येई.

पण सावित्रम्मांनी शेड मोडायला लावलं नाही. त्यांनी मठातल्या शिवयोगी अय्यांना बोलावलं. अय्या आले, पाटावर बसले, सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत, उपदेशही केला नाही. विभूती लावून, मंत्र म्हणून त्यांनी प्रभूच्या गळ्यात नवा दोरा बांधला. "आता काढायचं न्हाय," एवढंच म्हणाले.

"व्हय," प्रभू म्हणाला.

सावित्रम्मा दाराशी उभ्या होत्या. "शेडमदी बी न्हाय," त्यांनी बजावलं.

"व्हय."

दुसऱ्या सकाळी तो हौदावर आंघोळ करून, करडगी गळ्यात ठेवूनच आत गेला. दाक्षायणी बाहेर खाद्याची पोती उसवत होती. आतून बादलीचा आवाज येईना. ती डोकावली. प्रभू ओळीच्या सुरुवातीलाच एक पिल्लू हातात धरून उभा होता. पिल्लू पाय झाडत होतं. प्रभूचा अंगठा त्याच्या मानेशी होता. मग त्यानं पिल्लू खाली सोडलं आणि तुसावर बसकण मारली. पिल्लं त्याच्या मांडीवर चढली, तो त्यांच्याकडे बघत राहिला.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"हुईना," तो म्हणाला. "हे हाय ना हितं." त्यानं छातीवर हात ठेवला. "हुईना."

त्या दिवशी झालं नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. तो शेडमध्ये जायचा आणि रित्या हातानं बाहेर यायचा. एकदा बाहेर येऊन त्यानं बांधाला उलटी केली. पण घरी जेवताना त्यानं धनूला जवळ ओढलं, तिच्या वेणीचा वास घेतला आणि तिच्याकडे बघत बसला. दाक्षायणीनं हे बघितलं. त्याच्या आत काहीतरी हलायला लागलं होतं, हे तिला दिसत होतं. आणि शेडमध्ये काय चाललंय तेही दिसत होतं.

युवराज आला, शेडमधून फिरला आणि त्याचा चेहरा उतरला. "वहिनी, आजारी पिल्लं तशीच ठेवल्यात. मेलेली बी पडल्यात. असं चाललं तर सगळा लॉट जाईल, नि कंपनी परत तुमच्याकडं यायची न्हाय. गडी लावा की एखादा."

गडी कुठून आणायचा? ज्वारीची काढणी सुरू होती, दिवा लावून शोधला तरी माणूस मिळत नव्हता. मिळाला असता तरी गावातलं कुणी हे काम करायला या शेडात आलं नसतं. प्रभू तिथंच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. घरी आल्यावर त्यानं कपाटातून पासपोर्ट काढला आणि खाटेवर ठेवला.

"मी जातो परत, दाक्षा," तो म्हणाला. "तिकीट हाय."

"का?" तिचा आवाज चढला. "हितं हुईना, मग तितं कसं हुतंय?"

"तितं काढून ठेवता येतंय. कुणी बघत न्हाय. अव्वाला दिसत न्हाय, तुला दिसत न्हाय." तो शांतपणे समजावून सांगत होता. "हितं अव्वा काढू द्यायची न्हाय. नि हे अंगावर असलं की माझ्यानं हुत न्हाय. मग हितं ऱ्हाऊन काय करू?"

दाक्षायणी भांडली. रडली. दुसरं काहीतरी करू म्हणाली, पण दुसरं काय, हे तिला सुचेना. त्याच्या कमाईचं सगळं त्या शेडात उभं होतं, आणि ते शेड तिनंच उभं केलं होतं. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "उद्या एजंटला फोन करतो." आणि धनूला गोष्ट सांगायला उठून गेला. गोष्ट! आल्यापासून पहिल्यांदा. ओसरीवरून धनूचं हसणं ऐकू आलं. दाक्षायणी खाटेवर पासपोर्टशेजारी बसून ते ऐकत राहिली. हा माणूस आत्ता कुठं परत आला होता, आणि आता जाणार होता.

सकाळी पूजा झाली, प्रभू फोन घेऊन अंगणात गेला आणि ती कुणाला न सांगता रानाकडे निघाली.

हौदावर तिनं आंघोळ केली, जुनी मॅक्सी घातली, बादली घेतली. तिची करडगी तिच्या गळ्यातच होती. आत गेली. दुसऱ्या ओळीत तिला एक पिल्लू दिसलं. पाय फाकून बसलेलं, बाकीची त्याला तुडवून जात होती. तिनं ते उचललं. हातात त्याचा जीव धडधडत होता. तिनं प्रभूनं धरलं होतं तसं धरायचा प्रयत्न केला. करडगी छातीला लागून होती, तिचं गार टोक तिला जाणवत होतं. लग्नाआधीपासून, कळायला लागल्यापासून, आंघोळीतसुद्धा जे कधी अंगावेगळं झालं नव्हतं ते. तिचा अंगठा पुढं जाईना. तिनं पिल्लू खाली ठेवलं आणि बाहेर आली.

दारात ती उभी राहिली. त्या तिकडच्या लोकांवर आजवर तिचा राग होता, नवऱ्याच्या अंगावरचं देवाचं काढायला लावलं म्हणून. आता तिला कळलं. पहिल्या दिवशी त्यांनी काढायला लावलं असेल, नंतर तो आपणहून काढत असेल. जे करायचं होतं ते देवाच्या देखत करायचं नाही म्हणून.

तिनं दोरा डोक्यावरून काढला. करडगी खिळ्याला अडकवली. चक्कर येईल असं वाटलं होतं, आली नाही. गळ्याशी वारा लागला तेवढाच. ती आत गेली, ते पिल्लू शोधून काढलं, मान धरली आणि अंगठा दाबला. काडी मोडावी एवढाच आवाज झाला. ते बादलीत टाकून ती पुढच्याकडे वळली. दुसऱ्याला अंगठा अडला. तिसऱ्याला नाही. हे मी करत नाही, असं ती सुरुवातीला मनात म्हणत होती. थोड्या वेळानं तेही म्हणायची गरज उरली नाही.

ती ओळीच्या मध्यावर असताना बाहेर पावलं वाजली. प्रभू तिला शोधत आला होता. "दाक्षा, एजंट म्हणतोय की..." जाळीतून तो तिला दिसत होता. तो खिळ्यासमोर उभा होता. त्याचं लिंग त्याच्या गळ्यात होतं, म्हणजे हे कुणाचं, ते कुणी सांगायची गरज नव्हती. त्याच्या हातातला फोन खाली पडला.

मग त्यानं जो टाहो फोडला तसा आवाज तिनं त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तो उंबऱ्यावर कोसळला, कपाळ जमिनीला टेकलं आणि पोटातून, ओरडून ओरडून रडायला लागला. "नगं गं, दाक्षा! तू नगं! भाईर ये, मी न्हाय जात, कुटं बी जात न्हाय मी, भाईर ये!" शेडमधली पिल्लं त्या आवाजानं एका कोपऱ्यात गोळा झाली.

तो जाणार नव्हता. हेच तर तिला हवं होतं. सुट्टीची बातमी कळल्यापासून ती याच्यासाठीच धडपडत होती. आता आनंद व्हायला पाहिजे, असं तिच्या मनात आलं. बाहेर जावं, त्याला जवळ घ्यावं, हेही आलं. तिनं थोडा वेळ वाट बघितली, आतून काही येतंय का म्हणून. काही आलं नाही.

"आले," ती म्हणाली. "एवढी ओळ हुऊ द्या." आणि बादली पुढं सरकवून ती वाकली.